उकंड्यावरचं उकंडीचं

मनकर्णाबाईची पहिली दोन लेकरं कोणी मारली, याचा निकाल गावानं केव्हाच लावून टाकला होता. मनकर्णाबाईनं.

गाव चंद्रपूरकडच्या मूल शहराच्या अलीकडचं, धानाच्या बांध्यांत बसलेलं. स्वातंत्र्य येऊ घातलं होतं तेव्हाची गोष्ट. थोरली भागरता वर्षाची होती, पुढचे दात नुकतेच लुकलुकायला लागले होते. ऐन थंडीत तिला ओकारी सुरू झाली, मग पाण्यासारखी हगवण, आणि पोर बघता बघता वाळल्या पानासारखी आत वळत गेली. मग लटारू झाला. नाव मुद्दाम फाटकं ठेवलं, की यमाला वाटावं हे काही नेण्यासारखं नाही. यमाला बहुतेक वाचता येत नव्हतं. लटारूही तसाच गेला, त्याच वयाला, तशाच थंडीत.

लटारूच्या वेळी नवरा हरिदास हातापाया पडून डॉक्टरला घेऊन आला होता. डॉक्टर महारवाड्याच्या तोंडाशीच थांबला. नाकाला रुमाल लावला आणि तिथूनच बोलला, "पाणी पाजू नका, आतडं धुऊन निघेल. आणि जरा स्वच्छ राहायला शिका. तुमची पोरं तुमच्याच घाणीनं मरतात." एवढं बोलून गेला. लटारूला बोलता येत नव्हतं, पण घरातल्या रांजणाकडे तो हात करायचा. मनकर्णाबाईनं रांजणावर गोधडी टाकली. त्याला दिसू नये म्हणून.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा तिला सुपात घातलं आणि घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं. रीतच होती तशी. शेजारची बायनाबाई वाट चुकल्यासारखं करत आली, म्हणाली, "वो माय, कोणाचं टाकलेलं लेकरू हे? कोणाचं नसन तं मी नेतो." आणि मूठभर कोंड्याला तिनं ती पोर घेतली, आणि मनकर्णाबाईकडे सांभाळायला दिली. जी कोणाचीच नाही तिला यम कोणाच्या नावानं नेणार? पोरीचं नाव पडलं उकंडी.

छप्पन साली हरिदास चंद्रपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरातले देव नदीत गेले, उकंड्याच्या रीतीही गेल्या, आणि शाळेत उकंडीची कांता झाली. पण आईच्या तोंडातून उकंडी काही गेली नाही.

ही कांता पुढे नागपुरात शिकली, पुण्यात गेली, विषाणूंची शास्त्रज्ञ झाली. डॉ. कांता रामटेके. आधी काविळीवर काम केलं, मग मेंदूज्वराच्या साथीत गावोगाव रक्त गोळा करत हिंडली, आणि शेवटी लहान पोरांच्या हगवणीवर येऊन बसली ती उठलीच नाही. मनकर्णाबाई गावात सांगायची, "लोकायच्या पोरी शिकून साहेबीण होते. आमची उकंडी शिकली अन् गू पाह्यते." बोलायची असं, पण सांगितल्याशिवाय राहायची नाही.

पुण्यात एका बंगल्यातल्या पोराचा नमुना तिच्याकडे आला होता. पाणी उकळून, बाटली उकळून, हात लावायला दाई ठेवून वाढवलेलं पोर. त्याला हिवाळ्यात हगवण लागली होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या हिरव्या पडद्यावर कांतानं पाहिलं, तर चाक. बाहेर गोल धाव, आत आरे. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाकच, पुस्तकात ते वाचलेलं होतं. पण डोळ्यांनी पाहणं वेगळं. ती खुर्चीवरून उठून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. बंगल्यात शिरलं की त्याला इन्फेक्शन म्हणायचं, आणि महारवाड्यात शिरलं की घाण? तिला तेव्हाच कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली. तो रुमालवाला डॉक्टर कधीच मरून गेला होता, हा तिचा तोटा.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच. हे चाक पुण्यात फिरतं तसं आपल्या झाडीपट्टीतही फिरतं, हे दाखवायचं. पावसाळ्यात नाही. पावसाळ्यातली हगवण गढूळ पाण्याची असते, त्याला ती नाही म्हणत नव्हती. हिवाळ्यात, दात येणाऱ्या लेकरांत. ते सापडलं की आईला सांगायचं, माय, तू नाही मारलीस.

तिच्या संस्थेतले साहेब म्हणाले, "रामटेके, जंगलातले लोक नाल्याचं पाणी पितात. तिथे जंतूच सापडणार. विषाणू शोधायला तिकडे कशाला जाता?" ती अडून बसली. तेव्हा म्हणाले, "बरं, हा एक हिवाळा घ्या. नमुने आले तर बोलू. नाही तर हे काम बंद, यंत्र दुसऱ्यांना लागतं."

म्हणून श्याऐंशीच्या जानेवारीत ती बर्फाची पेटी घेऊन जीपनं निघाली. वाटेत एक मुक्काम घरी केला. सकाळी बघते तर मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून जीपमध्ये बसलेली.

"माय, तू कुठी?"

"तुह्यासंगं. भामरागड पाह्यलं नाई म्या."

"ते काय पाहाचं ठिकाण हाये? जंगल हाये तिथी."

"मंग तू काऊन चालली? एकटी बाई, गू मांगत फिरन गावोगाव. लोकं दगडं मारन तुले. चाल, बस."

दगड कोणी मारले नाहीत. पण नमुनाही कोणी दिला नाही. आलापल्लीपासून पुढचा रस्ता म्हणजे जीपला मार आणि माणसाला मार. भामरागडच्या आसपासच्या माडिया आदिवासींच्या पाड्यांत त्या हिंडल्या. सोबत दसरूभाऊ होता. तिथलाच माडिया, आरोग्य खात्यात लागलेला, केस पिकलेला, बोलण्यात तिखट. पाड्यात पोरं आजारी होती, हे तोच सांगायचा. पण कांता अंगणात शिरली की आया आत जायच्या आणि पुरुष बाहेर यायचे. कारण साधं होतं. लेकराचे केस, नख, गू, जे काही त्याच्या अंगचं आहे ते परक्याच्या हाती गेलं, की लेकरूच त्याच्या हाती गेलं. मग तो त्यावर काय करील, काय सांगावं? कांताला हे नवं नव्हतं. तिच्या गावातही लेकराची नाळ अशा जागी पुरत, जिथे कोणाची नजर जाणार नाही.

शेवटच्या पाड्यावर लालसू नावाचा तरणा गडी दारात आडवा उभा राहिला. आत त्याची बायको बुधरी, मांडीवर वर्षाची मंगली. दारातूनच दिसत होतं, पोरीचे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. लालसू माडियात काहीतरी बोलला आणि दसरू हसला.

"काय म्हणते, दसरूभाऊ?"

"ते इचारते, बाई, पुण्यात कोणी हागत नाई काय? इथवर जीपचं तेल जाळत आल्या."

"हागतात म्हणावं. तेबी आणून ठेवलं माह्याकडे."

दसरूनं ते सांगितलं. लालसूही हसला. पण दारातून हलला नाही. कांतानं बर्फाच्या पेटीवर हात ठेवला. पेटी रिकामी, बर्फ पातळ होत चाललेला, हिवाळा हातचा गेलेला. आणि आत ते लेकरू. नमुना नसला तरी उपचार करू द्या, म्हणून ती पुढे सरली, तर बुधरीनं पोर पदराआड घेतली. जिला एक नाकारलं तिला सगळंच नाकारलं.

तेवढ्यात मनकर्णाबाई म्हणाली, "दसरूभाऊ, इनले इचार बरं, यायचा उकंडा कुठी हाये?"

"काय करता, माय?"

"इचार तं खरी."

घरामागे शेणकचऱ्याचा ढीग होता. मनकर्णाबाई त्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून मोठ्यानं बोलायला लागली. बाजारात भाजी विकल्यासारखी.

"तिले सांग, माये, लेकराचं कोणाच्या हाती देऊ नको. म्याबी देल्लं नसतं. पण उकंड्यावर टाकलं ते कोणाचं होय? कोणाचंच नाई. कुत्रं नेवो, पाऊस नेवो, कोणी हिशेब इचारत नाई. तुह्या हातून तुवं टाकाचं, तुह्या दारातून कोणाले काही गेलं नाई. अन् ही चष्मेवाली हाये ना, डाक्तरीण? इचं खरं नाव उकंडी होय. माही दोन लेकरं अशीच हगून मेली. मंग इले म्या जलमली तशी उकंड्यावर नेऊन टाकली. उकंड्यावरचं उकंडी उचलन. त्यात कोणाचं काय जाते?"

पुण्यात सतरा वर्षांत हे नाव कांतानं कोणाला सांगितलं नव्हतं. दसरू माडियात बोलता बोलता नावापाशी थांबला होता. त्यानं कांताकडे पाहिलं.

"हेबी सांगू काय, बाई?"

कांतानं आईकडे पाहिलं. आई उकंड्यावर उभी होती, कंबरेवर हात.

"सांगा," कांता म्हणाली. "खरं हाये ते. माहं नाव उकंडी."

दसरूनं सांगितलं. बुधरी दारात आली. कांताच्या पायांपासून केसांपर्यंत तिनं नजर नेली आणि एकच काहीतरी विचारलं.

"ते इचारते," दसरू म्हणाला, "टाकली होती तं जगली काय?"

"हे काय पुढं उभी हाये!" मनकर्णाबाई म्हणाली. "चाळिशीले टेकली. नुस्ती जगली नाई, वरतून मलेच रागावते."

दसरूनं हेही सांगितलं असावं, कारण बुधरीच्या ओठाचा एक कोपरा हलला. ती आत गेली, पळसाच्या पानावर जे होतं ते घेऊन आली, ढिगावर ठेवलं, आणि पाठ फिरवली. बघायचं नाही, म्हणजे दिलं नाही. लालसूही आभाळाकडे बघायला लागला. कांता गुडघ्यांवर बसली आणि उकंड्यावरचं ते पाणी तिनं बाटलीत घेतलं. आयुष्यात इतक्या जपून तिनं काही उचललं नव्हतं.

मग लगेच पाणी. बुधरीच्या चुलीवर उकळलेलं, निवलेलं. त्यात मीठ, त्यात साखर, द्रोणात घेऊन कांतानं चमचा बुडवला, तर मनकर्णाबाईनं तिचं मनगट धरलं.

"पाणी? उकंडे, याड लागलं काय तुले? आतडं धुऊन निघन लेकराचं!"

"माय, उलटं हाये ते. हगून नाई मरत लेकरू. सुकून मरते. जेवढं अंगातलं गेलं तेवढं भरून काढाचं, घोट-घोट. ओकली तं थांबाचं अन् पुन्हा पाजाचं. एवढंच हाये औषध."

"एवढंच?"

"एवढंच."

मंगलीचे डोळे द्रोणावर लागले होते. रडायला अंगात पाणी नव्हतं तिच्या, पण बोटं हलत होती, द्रोणाकडे. मनकर्णाबाईची पकड ढिली झाली. ती खाली बसली. त्या बोटांकडे बघत राहिली.

"आन इकडे," ती म्हणाली. "मी पाजतो."

दिवसभर ती उठली नाही. बुधरीच्या मांडीला मांडी लावून बसली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. एक झाडीबोली बोलायची, एक माडिया, आणि दोघी बोलतच होत्या. पोर ओकली की मनकर्णाबाई म्हणायची, "ओक माये, ओक, अजून हाये," आणि पुन्हा चमचा भरायची. लालसूनं लाकडं आणून टाकली. दुपारी कांतानं म्हटलं, तू दम घे, मी पाजते. आईनं नुसतं खांद्यानं तिला बाजूला सारलं.

सूर्य झाडांवर टेकला तेव्हा आतून आरडा झाला. "मुतली! वो उकंडे, मुतली वो! माहं नवं लुगडं भिजोलं भवानीनं!" असा आनंद कांतानं आपल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ऐकला नव्हता. लेकराला लघवी झाली म्हणजे अंगात पाणी टिकलं, हे कांताला ठाऊक होतं. दसरूलाही. बुधरीला सांगायची गरज नव्हती, ती भिजलेल्या लुगड्यावर हात ठेवून हसत होती.

लुगडं धुवायला दोघी मायलेकी खाली नदीवर गेल्या. उजेड अजून होता. कांताची पर्स खांद्याला. पर्समध्ये तो फोटो होता, घरून निघाल्यापासून. वेळ शोधत होती. तिनं तो काढून आईपुढे धरला.

"हे काय होय?"

"पाह्य बरं काय दिसते."

मनकर्णाबाईनं फोटो लांब धरला, जवळ धरला. "हे तं बैलबंडीचं चाक होय."

"हे दिसतबी नाई इतकं बारीक असते. याचंच नाव रोटा. लेकरायले हगवण लावते, हिवाळ्यात, दात येत असतात तेव्हा. पुण्यात मोठमोठ्या बंगल्यातल्या लेकरायच्या पोटात म्या हेच पाह्यलं. लोटून-पुसून, उकळून-पाकळून ठेवलेली लेकरं. त्याले घर समजत नाई, माय. जात समजत नाई. भागरताले अन् लटारूले हेच झालं असन बहुतेक. पक्कं नाई सांगता येत, तपासाले काही उरलं नाई. पण तुही घाण नव्हती."

कांतानं हे वाक्य इतकी वर्षं मनात घोळवलं होतं, की बोलून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. आई फोटोकडे बघत होती. आऱ्यांवरून बोट फिरवत होती.

"माह्या लेकरायवरून हे चाक गेलं म्हणतं."

"हो."

"अन् पाणी?"

आईचं बोट आऱ्यांवर थांबलं.

"आज म्या या लेकराले पाणी पाजलं. लटारू मांगत होता. रांजणाकडे हात करे. म्या रांजणावर गोधडी टाकली." मनकर्णाबाईनं फोटो खाली केला. "तू डाक्तरीण हाये. खरं सांग. देल्लं असतं तं?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. विषाणू जबर होता, काही उपयोग झाला नसता, असं म्हटलं असतं की झालं. म्हातारीनं मानलंही असतं. पण हिच्याशी लोक आयुष्यभर खोटंच बोलत आले होते, आणि त्यांत आपली भर घालायला कांताची जीभ उचलेना.

"जगला असता," ती म्हणाली. "बहुतेक जगला असता."

नदीत कोणीतरी लांब जाळं टाकलं. मनकर्णाबाईनं लुगडं पाण्यात बुडवलं, दगडावर आपटलं, पुन्हा बुडवलं. पाठ वाकलेली. ती रडत होती की धुवत होती ते कळत नव्हतं. कांता तिच्याजवळ पाण्यात जाऊन उभी राहिली.

"माय, तुले कोण सांगणार होतं? त्या डाक्तरलेबी माहीत नव्हतं. तेव्हा जगात कोणालेच धड माहीत नव्हतं."

आपटणं थांबलं. मनकर्णाबाई वळली. डोळे लाल, पण आवाज कोरडा, टणक.

"मंग माहीत नाई म्हणाचं होतं त्यानं. घाण काऊन म्हणला?"

कांतानं आईच्या हातातलं लुगडं घेतलं, दुसरं टोक आईकडे दिलं, आणि दोघींनी मिळून ते पिळलं. पाणी सरसर खाली गेलं. मग आई तिच्या खांद्याला टेकली. अशी ती कधी टेकली नव्हती. ओल्या लुगड्यासकट कांतानं तिला धरून ठेवलं. लहानपणी बायनाबाईनं कांताला सुपातून उचललं असेल, तसंच काहीसं.

"चाल," आई शेवटी म्हणाली. "पोरगी तहानली असन."

पुढं पुण्यात त्या बाटलीत चाक सापडलं. उकंड्याची युक्ती दसरूनं उचलून धरली, म्हणून इतर पाड्यांवरूनही नमुने आले, आणि त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत चाक निघालं. साहेबांनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि "हं" म्हणाले. काम चालू राहिलं. कांतानं घरी निरोप धाडला, तर आईचा उलटा निरोप आला, की मला माहीतच होतं, बंडी आपल्या गावात नाही येणार तर कुठं जाणार.

पण ती पुढची गोष्ट. भामरागडहून निघायच्या सकाळी बर्फ संपत आला होता आणि जीप चालू होती. मनकर्णाबाई काही येईना.

"तू जा. तुहा बर्फ वितळून राह्यला. मी दोन दिवस राह्यतो इथी. दसरूभाऊ आणून सोडन मले एस्टीवर."

"माय, तुले यायची भाषा येत नाई."

"पाण्याले कायची भाषा लागते?"

जीप वळली तेव्हा कांतानं मागे पाहिलं. अंगणात उन्हाच्या तिरपीत आई बसली होती, मांडीवर मंगली. बुधरी शेजारी धान पाखडत होती. मंगलीनं द्रोणाकडे हात केला. मनकर्णाबाईनं द्रोण उचलला नाही, आधी तो हात धरला, आपल्या गालाला लावला.

"मांग माये," ती म्हणत होती. "मांग. पाणी मांग."